बी.एस्सी. करायचंय, पण कुठल्या कॉलेजात?

(रत्नागिरीत बारावी सायन्सच्या विद्यार्थी-पालकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, मुलांना इंजिनियरिंगबद्दल सांगा." मी म्हटलं, इंजिनियरिंगबद्दल सांगायला क्लासवाले आहेत, यूट्यूब आहे, प्रत्येक घरात एक तरी मामा-चाचा आहे. बी.एस्सी.बद्दल सांगणारं कुणी नाही. मला त्यावर बोलू द्या. ते जरा थांबले आणि म्हणाले, "पण तुम्ही तर इंजिनियर." खरं आहे. मी बी.एस्सी. केलेलं नाही. पण मागच्या वर्षी माझ्या भाचीने केवळ हट्टाने फिजिक्सला प्रवेश घेतला, आणि दोन कॉलेजांमधून एक निवडताना आम्ही जवळजवळ तीन आठवडे घालवले. त्या तीन आठवड्यांत मला जे कळलं ते मला माझ्या चार वर्षांच्या डिग्रीत कुणी सांगितलं नव्हतं. तेवढंच आज सांगणार आहे.

पहिल्यांदा घरातली बैठक कशी झाली ते सांगतो, कारण तुमच्याही घरी ती या महिन्यात होणार आहे किंवा झाली आहे.

भाचीला बारावीत बरे मार्क होते. नीटमध्ये नंबर लागण्यासारखे नव्हते. तिला तो नकोच होता. तिने सरळ सांगितलं, "मला फिजिक्स करायचंय." घरात शांतता. मग माझे अब्बा म्हणाले, केमिस्ट्री घे, लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी तरी लागेल. तिचे अब्बू दोह्याहून व्हिडिओ कॉलवर होते, ते म्हणाले, बी.एस्सी. आयटी बरं नाही का? खाला म्हणाली, फिजिक्स करून पुढे काय, शिकवणीच घ्यायची ना? आणि मी, घरातला शिकलेला माणूस, मी म्हणालो, कॉम्प्युटर सायन्स घे, मी बघतो पुढचं.

तिने विचारलं, "मामू, तुम्ही बघाल म्हणजे काय बघाल?" मला उत्तर देता आलं नाही.

आपण भाषणांमध्ये इब्न अल-हैथमचं नाव मोठ्या अभिमानाने घेतो. हजार वर्षांपूर्वी या माणसाने प्रकाशावर प्रयोग करून ग्रंथ लिहिला, युरोप त्याच्याकडून शिकला, वगैरे. आणि आपल्याच मोहल्ल्यातली मुलगी म्हणते की मला प्रकाशाचा अभ्यास करायचाय, तेव्हा आपण विचारतो, त्याने पोट भरेल का? पोटाचा प्रश्न खोटा नाही, त्यावर मी येणार आहे. पण आधी हे कबूल करूया की त्या बैठकीत तिला काय आवडतं हे विचारणारा एकही माणूस नव्हता, मी धरून.

शेवटी विषय ठरला. प्रश्न उरला कॉलेजचा.

आपल्या जिल्ह्यात बी.एस्सी. करायला आज जागा आहेत. रत्नागिरीत १९४५ साली कॉलेज सुरू झालं, तेच आजचं गोगटे-जोगळेकर. देवरुखला आठल्ये-सप्रे-पित्रे आहे, चिपळूणला डीबीजे आहे, दापोलीला सायन्सचं स्वतंत्र सीनियर कॉलेज आहे. या गोष्टी आपण गृहीत धरतो. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले, हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. त्यांना कॉलेजसाठी पुणं गाठावं लागलं होतं. त्या काळी कोकणातल्या कुठल्याही मुलाला ते करावंच लागायचं, आणि मुलीचा तर प्रश्नच नव्हता. आज एसटीच्या अंतरावर लॅब आहे. ती लॅब कशी आहे, हा आपला प्रश्न आहे.

भाचीच्या हातात दोन पर्याय होते. दोन्हींची नावं मी सांगणार नाही. एक तर कॉलेजची स्थिती दर दोन-तीन वर्षांनी बदलते. दुसरं म्हणजे, मी नाव सांगितलं की तुम्ही चौकशी न करता तिथे जाल. तुम्ही चौकशी करावी हीच माझी इच्छा आहे. म्हणून एकाला मोठं म्हणतो, दुसऱ्याला छोटं. मोठं म्हणजे आमच्या गावाहून रोज ये-जा करता येईल असं, नाव असलेलं, सगळे विषय असलेलं. छोटं म्हणजे लांबचं, तालुक्याच्या गावातलं. तिथे राहावंच लागणार.

मी काय केलं? सॉफ्टवेअरवाला जे करतो ते. एक्सेलची शीट उघडली. फी, अंतर, नॅकची श्रेणी, निकाल, लायब्ररी, वायफाय. प्रत्येकाला गुण दिले, वजन दिलं, बेरीज केली. मोठं कॉलेज १९ गुणांनी पुढे. मी शीट भाचीला पाठवली. तिने एक ओळ लिहून परत पाठवली: "यात फिजिक्स कुठे आहे?"

ती बरोबर होती. माझ्या सगळ्या रकान्यांत कॉलेज होतं, विभाग कुठेच नव्हता. नॅकची श्रेणी सबंध कॉलेजची असते. सात निकषांवर ती ठरते: अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, सोयी, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत, कारभार आणि संस्थेची मूल्यं. कॉमर्स जोरात चालत असेल, खेळात मुलं चमकत असतील, तर चांगली श्रेणी मिळू शकते आणि त्याच वेळी फिजिक्सला दोनच शिक्षक असू शकतात. उलटही होऊ शकतं.

पण त्याच नॅकमुळे एक उपयोगी कागद मिळतो, आणि तो कुणी वाचत नाही. नॅकसाठी कॉलेजला स्वतःचा सविस्तर अहवाल लिहावा लागतो, त्याला एसएसआर म्हणतात. दर वर्षीचा वेगळा गुणवत्ता अहवालही असतो. हे दोन्ही कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवावे लागतात. शंभर-दोनशे पानं असतात, कंटाळवाणी असतात. आमच्या धंद्यात सिस्टीम बिघडली की आम्ही माहितीपत्रक वाचत नाही, लॉग वाचतो. कॉलेजचा लॉग म्हणजे हा अहवाल. पूर्णवेळ शिक्षक किती, त्यातले पीएच.डी. किती, मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे त्यात शोधा.

मग आम्ही नवी यादी केली. या वेळी भाचीने केली. सहा प्रश्न होते.

पहिला प्रश्न: मी तिसऱ्या वर्षाला जाईन तेव्हा माझा विषय मेजर म्हणून असेल का? हा प्रश्न वेडेपणाचा वाटतो, पण नाही. पहिल्या वर्षाला तीन-चार विषय सगळीकडे मिळतात. पुढे मुलं केमिस्ट्रीकडे वळतात आणि फिजिक्सला किंवा गणिताला चार जण उरतात. तेव्हा वर्ग चालवायचा की नाही, हा कॉलेजपुढे प्रश्न असतो. म्हणून मागच्या तीन वर्षांत तिसऱ्या वर्षाला तुमच्या विषयाला किती मुलं होती, ते विचारा.

दुसरा: शिक्षक किती, आणि त्यातले कायम किती, तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचा शिक्षक वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या ओळखीतले काही फार मन लावून शिकवतात. पण त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी ते असतीलच याची खात्री त्यांनाही नसते. तुमचा प्रोजेक्ट दोन वर्षं चालणार असेल तर हे महत्त्वाचं आहे.

तिसरा: प्रॅक्टिकलला एका उपकरणावर किती मुलं? नव्या रचनेत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे सेमिस्टरला दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर ६० तास. एका उपकरणावर दोघं असतील तर ३० तास हात तुमचा. पाच जण असतील तर १२ तास, आणि उरलेले ४८ तास तुम्ही दुसऱ्याचं बघून जर्नल लिहिणार. डिग्री दोघांची सारखीच येईल.

चौथा: लॅब प्रॅक्टिकलच्या वेळेबाहेर उघडी असते का? पाचवा: मागच्या पाच वर्षांत या विभागातून एम.एस्सी.ला, संशोधनाला कोण कुठे गेलं? नावं द्या, फोन नंबर द्या, आम्ही बोलू. सहावा प्रश्न भाचीच्या अम्मीचा, म्हणजे माझ्या आपाचा होता. तो शेवटी सांगतो.

आम्ही दोन्हीकडे गेलो. मी, भाची आणि आपा.

मोठ्या कॉलेजात माहिती व्यवस्थित मिळाली. लायब्ररी खरंच चांगली होती, रीडिंग रूममध्ये मुलं अभ्यास करत होती. विभागातून दोन मुलं जॅम पास होऊन आयआयटीत एम.एस्सी.ला गेली होती. त्यातल्या एकाशी फोनवर बोलणंही झालं. तो म्हणाला, "कॉलेजने लायब्ररी दिली आणि मित्र दिले. बाकी मी स्वतः केलं." लॅबमध्ये उपकरणं नवी होती. पण ती आम्ही दाराच्या काचेतून बघितली. लॅब प्रॅक्टिकलच्या दिवशीच उघडते. एका उपकरणावर चार मुलं.

छोट्या कॉलेजात आम्ही पोचलो तेव्हा ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. वेबसाइट जुनी होती, अहवालाची लिंक उघडतच नव्हती. माझं मत तिथेच बनलं होतं. मग लॅब असिस्टंट भेटले. फिजिक्सला यायचंय म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आत नेलं, सोडियमचा दिवा लावला, आणि म्हणाले, थोडा तापू दे, मग बघ. काचेच्या पट्टीवर एक भिंग ठेवलं होतं. मायक्रोस्कोपमधून बघितलं की पिवळ्या-काळ्या वर्तुळांची रांग दिसते. न्यूटन्स रिंग्ज. बारावीच्या पुस्तकात व्यतिकरण वाचलेलं असतं. भाचीने डोळा लावला तो काढेचना. मग तिने विचारलं, मधलं वर्तुळ काळं का? त्यांनी सांगितलं, ते सर सांगतील, मी फक्त दिवा लावतो.

सर आले. विभागप्रमुख. तिने पहिला प्रश्न तोच विचारला, तिसऱ्या वर्षाला फिजिक्स असेल का? त्यांनी गोड उत्तर दिलं नाही. म्हणाले, "सध्या तिसऱ्या वर्षाला सात मुलं आहेत. मी दोन वर्षांत निवृत्त होतो. माझी जागा भरली जाईल की नाही हे माझ्या हातात नाही. भरली नाही तर जे आहेत ते ओढतील. तू हे लक्षात ठेवून ठरव." एका उपकरणावर किती मुलं या प्रश्नाला ते हसले. म्हणाले, मुलंच कमी आहेत, प्रत्येकाला एक. मग काळ्या वर्तुळाचं उत्तर त्यांनी फळ्यावर वीस मिनिटं समजावलं, मराठीत. आपल्यातले कित्येक जण दहावीपर्यंत उर्दूत किंवा मराठीत शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं. शंका इंग्रजीत विचारायची म्हणून विचारलीच जात नाही. साठ मुलांच्या वर्गात हात वर करणं आणि नऊ मुलांच्या वर्गात मराठीत विचारणं यात फार फरक आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग छोटं कॉलेज चांगलं. नाही, एवढं सोपं नाही. एक बाजू: लॅब, वेळ देणारा शिक्षक, कमी मुलं. दुसरी बाजू: तोच शिक्षक दोन वर्षांत जाणार, बरोबरीने अभ्यास करणारी मुलं थोडी, लायब्ररी लहान, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च. माझ्या एका मित्राचा मुलगा आहे, त्याला गणित करायचंय. त्याला मी मोठं कॉलेज सांगितलं. त्याला लॅब लागत नाही, त्याला लायब्ररी लागते आणि त्याच्याशी स्पर्धा करणारी चार मुलं लागतात. विषय बदलला की उत्तर बदलतं. मुलगा बदलला की उत्तर बदलतं.

आता पोटाचा प्रश्न.

मी खोटी आशा लावणार नाही. नुसती तीन वर्षांची बी.एस्सी. फिजिक्स करून थांबलात तर नोकरीच्या बाजारात हातात फार काही नसतं. फिजिक्स निवडणं म्हणजे पाच वर्षांची तयारी ठेवणं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते आणि पुढची एम.एस्सी. एका वर्षाची होते. प्रवेश घेताना हेही विचारा की चौथं वर्ष याच कॉलेजात आहे का, की तिथून बाहेर पडावं लागेल.

पुढचे रस्ते आहेत. जॅम ही परीक्षा आयआयटी घेतात, तीन तास, १०० गुण, सात विषयांत. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. कॉलेजचं नाव तिथे कुणी विचारत नाही. शिकत असतानाच मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस नावाचा कार्यक्रम आहे, बी.एस्सी.च्या मुलांसाठी. देशातल्या विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं. अर्ज फुकट जात नाही, आणि आपल्या मोहल्ल्यांतून अर्जच जात नाहीत. बारावीत बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात आलात आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलात तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत. इंजिनियरिंगला गेलात तर ती मिळत नाही. पीएच.डी.साठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, ते नुकसान मोठं आहे. पण नेट-जेआरएफ सगळ्यांना खुली आहे, पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये.

आणि एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. पुण्याच्या आयसरला, मुंबईच्या सीबीएसला किंवा भुवनेश्वरच्या नायसरला बारावीनंतर थेट पाच वर्षांसाठी जाता येतं. आयसरची आयएटी, बाकी दोघांची नेस्ट, अशा वेगळ्या परीक्षा असतात. आम्हाला ही नावं मे महिन्यात कळली. फॉर्मची मुदत संपली होती. एक इंजिनियर मामू घरात असताना. अकरावीची मुलं इथे बसली असतील तर आजच लिहून ठेवा.

आता सहावा प्रश्न, आपाचा.

दोन्ही कॉलेजांत आपा गप्प होती. निघताना दोन्हीकडे तिने एकच गोष्ट विचारली: "प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं?"

मी गाडीत हसलो. म्हटलं, आपा, तू फी विचारली नाहीस, निकाल विचारला नाहीस, हे काय विचारत होतीस? ती काही बोलली नाही. रात्री अम्मीने मला सांगितलं.

आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. २००४ साली ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आमचं गाव खाडीपलीकडे. तेव्हा पूल नव्हता, शेवटची होडी सहा वाजता. दुसऱ्या वर्षाला तिचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं. धक्क्यापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा ती प्रॅक्टिकल अर्ध्यावर सोडून निघायची. कधी होडी चुकली की शेजारच्या गावात ओळखीच्या घरी थांबायची. मग लोक बोलायला लागले. अब्बांनी सांगितलं, पुरे झालं. तिने परीक्षा दिली नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं.

त्याच जूनमध्ये मी अकरावीला गेलो. माझी रत्नागिरीत मामांकडे राहायची सोय झाली, क्लासची फी भरली गेली. मला तेव्हा वाटलं होतं की आपाला शिकायचा कंटाळा आला. वीस वर्षं मी तेच समजत होतो. तिने कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

अब्बांना मी दोष देत नाही. ते घाबरले होते. पण जी सोय माझ्यासाठी एका संध्याकाळी झाली ती तिच्यासाठीही होऊ शकली असती. मामांचं घर तेच होतं.

सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्यात आहे की वीस वर्षांवरच्या लोकांमध्ये पदवी किंवा पदविका असलेले देशात सुमारे ७ टक्के, आणि मुसलमानांमध्ये ४ टक्क्यांहून कमी. आपण या आकड्यावर भाषणं करतो. सरकारने काय केलं नाही ते सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण त्या आकड्यात माझी आपा आहे, आणि तिला त्या चार टक्क्यांबाहेर ठेवणारी गोष्ट सरकारी धोरण नव्हती. अर्ध्या तासाचा फरक होता, आणि त्या अर्ध्या तासावर उपाय शोधायला घरातलं कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक झाली. या वेळी आपा बोलली. म्हणाली, "मोठ्या कॉलेजातून प्रॅक्टिकल सुटल्यावर आता गाड्या आहेत, पूल आहे, ती रोज येऊ शकेल. छोट्या कॉलेजला राहावं लागेल. राहायची सोय मी बघते. तिला कुठे जायचंय ते तिने सांगावं. अंतरामुळे काही ठरवायचं नाही."

भाचीने छोटं कॉलेज निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे मला प्रश्न विचारता आला. सर जाणार हे माहीत असूनही? तर म्हणाली, दोन वर्षं तर आहेत. तिने एक गोष्ट मात्र तपासून ठेवली होती. क्रेडिट आता विद्यार्थ्याच्या नावावर क्रेडिट बँकेत जमा होतात, त्यामुळे वेळ आली तर ती घेऊन दुसऱ्या कॉलेजात जाता येतं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात तिकडे जागा रिकामी हवी, विषय जुळायला हवेत. पण दार बंद नाही.

राहायची सोय अशी झाली. त्या गावच्या मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. आपाने तिथल्या जमातीच्या लोकांना फोन केले, त्यांनी त्या बाईंचं नाव सुचवलं. भाची सोमवार ते शुक्रवार तिथे राहते. भाडं थोडं, जेवण दोघी मिळून करतात.

यातून मला तुम्हा सगळ्यांकडे, विशेषतः आपल्या चळवळीच्या मित्रांकडे, तीन गोष्टी मागायच्या आहेत.

एक. प्रत्येक कॉलेजमागे आपल्या दोन-तीन सीनियर मुला-मुलींचे नंबर असलेली यादी करा, विषयानुसार. भाचीला जो माणूस फोनवर भेटला तो शोधायला आम्हाला आठवडा लागला. ते काम पाच मिनिटांचं व्हायला हवं.

दोन. जमातींच्या शिष्यवृत्त्या बहुतेक मेडिकल आणि इंजिनियरिंगला जातात. फी मोठी असते म्हणून. बी.एस्सी.ची फी लहान असते, पण खोलीचं भाडं, गाडीचा पास, परीक्षेला मुंबईला जायचा खर्च, यावर शिक्षण अडतं. तेवढ्यासाठी छोटा निधी ठेवा. आणि तालुक्याच्या गावात मुलींना राहता येईल अशी घरं शोधून ठेवा. इमारत बांधायची गरज नाही. रिकामी खोली असलेलं आणि भरवशाचं माणूस असलेलं घर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे.

तीन. प्रश्न विचारायला शिका, आणि लेखी विचारा. अनुदानित कॉलेज सरकारच्या पैशावर चालतं, तिथल्या शिक्षकांचे पगार आपल्या करातून जातात. मंजूर जागा किती, रिकाम्या किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. यात भांडण नाही, हे नागरिकाचं साधं काम आहे. आणि रिकामी जागा भरली गेली तर फायदा एकट्या मुसलमान मुलीचा होत नाही, त्या वर्गातल्या सगळ्यांचा होतो.

भाचीचं पहिलं वर्ष आता संपलं. सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. गणितात ती अडखळली, एका पेपरला जेमतेम पास झाली. दिवाळीपर्यंत घरची आठवण काढून रडायची. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागेची जाहिरात अजून आलेली नाही. विभागातल्या मुलांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला आहे. अर्जावर सगळ्यांच्या सह्या आहेत, मजकूर भाचीने लिहिला. प्राचार्यांनी तो पुढे पाठवतो म्हणून सांगितलं. पुढे काय होतं ते बघायचं.

मागच्या महिन्यात ती सुट्टीला घरी आली. आपाने तिचं जर्नल उघडून बघितलं. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग होता, मोजमापं, आलेख, सगळं. आपा बराच वेळ पानं उलटत होती. मग म्हणाली, "हा आमच्याही वेळी होता. माझा अर्धाच झाला होता." भाचीने विचारलं, "अम्मी, येतेस का एकदा? सरांना सांगते, दिवा लावतील."

पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू झालं की आपा जाणार आहे. होडीची वेळ बघावी लागणार नाही.